वाघ मूर्ख असतो

दर ऑगस्टमध्ये आमच्या बेसमेंटमध्ये ऑडिशन असते. ऑडिशन हा जरा मोठाच शब्द झाला. मंडळाच्या गणपतीत मुलांचं वीस मिनिटांचं नाटक असतं, ते गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्यासाठी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासची बारा-पंधरा मुलं शनिवारी दुपारी जिन्यात चपलांचा ढीग करून खाली येतात आणि गालिच्यावर फतकल मारतात. निम्म्यांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून संवाद रोमनमध्ये लिहून द्यावे लागतात. त्यात 'ळ'ची काय वाट लागते ते विचारू नका.

२०२३ साली मी 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' घेतलं होतं, पण आजच्या न्यू जर्सीतलं. म्हातारी ओक ट्री रोडला राहते, लेक पार्सिपनीला, आणि परतीचा भोपळा उबरसारखा फोनवरून बोलवायचा. ('तुमचा भोपळा तीन मिनिटांत पोचेल' याला पालकांत हमखास हशा.) थोडक्यात, रिमेक. गोष्ट जुनीच, जंगल नवं. आणि रिमेक म्हटला की पहिली डोकेदुखी ठरलेली: कोणी काय करायचं?

म्हातारी सगळ्यांनाच हवी असते, कारण तिला वाक्यं जास्त. वाघ मुलग्यांना हवा असतो, कारण वाघ म्हणजे डरकाळी अशी त्यांची समजूत. वास्तविक त्या गोष्टीतला वाघ एक नंबरचा बावळट आहे. आयतं जेवण समोर उभं आहे, आणि ते जेवण त्याला सांगतंय की लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. आणि हा 'बरं' म्हणतो! परतीच्या वेळी भोपळ्यातून चक्क म्हातारीचाच आवाज येतो, 'कशाची म्हातारी नि कशाची कोतारी', तरी याच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. सगळी मजा त्या न पडणाऱ्या प्रकाशात आहे.

म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला सांगितली. ही उशी म्हणजे भोपळा. तुम्ही वाघ. भोपळ्यातून आवाज आला. आता विचार करा, बोलायचं नाही. चार मुलगे लागोपाठ डरकाळ्या फोडून गेले. मग एक अकरा वर्षांची मुलगी उठली. एरवी तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही. तिने उशीकडे बघितलं. मान थोडी कलती केली. मग, बराच वेळ गेल्यावर, हळूच छताकडे बघितलं. आवाज तिथून आला असावा, असं. एवढंच. पोरं हसून गडबडा लोळली. ती मात्र छताकडेच बघत राहिली, आणि मला वाघ सापडला.

रात्री नऊच्या सुमाराला तिच्या आईचा फोन.

"अगं, तिला वाघ का दिलास?"

"कारण फार सुरेख करते ती."

"पण तो मूर्ख असतो ना?"

"हो, म्हणजे गोष्टीतच तसा..."

"दोन वर्षं झाली, स्पेलिंग बीच्या स्पर्धेची तयारी करतेय पोर. आणि चारशे लोकांसमोर, सगळ्यांसमोर तिला मूर्ख दाखवायचं? म्हातारी दे की. नाहीतर सूत्रधार कर. पाठांतर चांगलं आहे तिचं."

मी वाद घालायला हवा होता, घातला नाही. एकतर मंडळात पुढच्या वर्षीही तोंड दाखवायचं असतं. दुसरं म्हणजे, निम्मं मला पटलं होतं. मुलगी सूत्रधार झाली, एक अक्षर न चुकता सगळं म्हणाली. वाघ डरकाळीवाल्या मुलाला गेला. डरकाळीला टाळ्या पडल्या. उशीपाशी जी विनोदाची जागा होती, ती कोरडी गेली.

पुढच्या जानेवारीत माझ्या लेकीने मला नव्या 'मीन गर्ल्स' सिनेमाला नेलं.

त्याची वंशावळ सांगायला हवी, कारण ती भोपळ्यासारखीच टुणुक टुणुक करत आलेली आहे. रोझलिंड वाइजमन यांनी २००२ साली किशोरवयीन मुलींच्या कंपूबाजीवर आयाबापांसाठी एक पुस्तक लिहिलं. गोष्ट नव्हे, सल्ल्याचं पुस्तक. त्यावरून टीना फे यांनी पटकथा लिहिली आणि मार्क वॉटर्स यांच्या दिग्दर्शनाखाली २००४ साली सिनेमा आला. २०१८ साली त्याचं ब्रॉडवेवर संगीत नाटक झालं, आणि १२ जानेवारी २०२४ला त्या नाटकाचा पुन्हा सिनेमा. लिहिणारी तीच, गोष्ट तीच: आफ्रिकेत वाढलेली केडी पहिल्यांदाच अमेरिकन हायस्कुलात येते आणि तिघींच्या टोळक्यात सापडते. रेजिना राणी, ग्रेचन तिची भालदार-चोपदार, आणि कॅरन. कॅरन बावळट आहे. दिसायला सुंदर, मनाने वाईट नाही, डोक्याने रिकामी. गोष्ट घडते इलिनॉयमध्ये, पण नव्या सिनेमाचं शूटिंग आमच्या न्यू जर्सीत झालं, हे लेकीने मला तीनदा ऐकवलं. जणू सेटवर चहा हीच देत होती.

नव्या सिनेमात रेजिनासाठी त्यांनी फार शोधाशोध केली नाही. रेने रॅप ब्रॉडवेवर तेच काम करून आलेली होती. केडीसाठी ऑस्ट्रेलियाची अँगोरी राइस. आणि कॅरन म्हणून पडद्यावर आली अवंतिका. नुसतंच अवंतिका, श्रेयनामावलीत आडनाव लावत नाही. कॅलिफोर्नियात जन्मलेली तेलुगू घरातली मुलगी, लहानपणी तेलुगू सिनेमांतून किरकोळ कामं केलेली, पुढे डिस्नेच्या एका सिनेमात नायिका. हे शूटिंग झालं तेव्हा अठरा वर्षांची.

जुन्या सिनेमात कॅरन केली होती अमांडा सायफ्रेडने, तीही तेव्हा अठराच्या आतबाहेर होती. हे मुद्दाम सांगते, कारण अमेरिकन हायस्कूलच्या सिनेमांत शाळकरी मुली सहसा शाळकरी नसतात. २००४ची रेजिना, रेचल मॅकअॅडम्स, पंचविशीला टेकलेली होती. आणि खरं म्हणजे रेजिना लिंडसे लोहानला करायची होती. पण त्याच दिग्दर्शकाचा 'फ्रीकी फ्रायडे' (तोही रिमेकच) २००३ साली जोरात चालला, आणि आता ही पोर खाष्ट झालेली लोकांना चालणार नाही म्हणून ती भोळ्या केडीकडे सरकवली गेली. भूमिका कोण चांगली करील हा प्रश्न नंतर येतो. लोक कोणाला काय म्हणून खपवून घेतील, हा आधी. फोनवरच्या त्या आईचा प्रश्न तोच होता. स्टुडिओवाले त्यालाच मार्केट म्हणतात.

तर कॅरन. मूळची कॅरन स्मिथ होती, अवंतिका आल्यावर कॅरन शेट्टी झाली.

थिएटरात मी एकटीच खुसखुसले असेन. मुंबई-पुण्यात वाढलेल्या माणसाला शेट्टी म्हटल्यावर आधी इडली-वड्याचा वास येतो, गल्ल्यावर बसलेले, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ दिसतात. अवंतिका तेलुगू, शेट्टी आडनाव मंगळुरू-उडुपीकडचं, आणि वर नाव कॅरन. आपल्याकडच्या कुठल्याही लग्न जमवणाऱ्या काकू या बायोडेटावर तासभर बसतील. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इट्स अ नेम."

नेम आहे खरा, पण बाई, आधीचे नेम तू बघितले नाहीस. २००४च्या सिनेमात एक भारतीय वंशाचा मुलगा होता, गणिताच्या टीमचा कॅप्टन, रॅप म्हणणारा. त्याचं नाव केविन ग्नापूर. मी तेव्हा नुकतीच इथे आले होते, लायब्ररीतून डीव्हीडी आणून बघत होते, आणि त्या नावाशी थबकले. कोल्हापूर माहीत, सोलापूर माहीत, नागपूरला तर आजोळ. हे ग्नापूर कुठल्या जिल्ह्यात? कोणीतरी टेबलाशी बसून भारतीय वाटेल असा आवाज जुळवला असावा, असंच मला वाटत आलंय. वीस वर्षांनी तोच मुलगा नव्या सिनेमात केविन गणात्रा झाला. गणात्रा मी दहा दाखवते, एक तर आमच्या गल्लीत आहेत.

अगदी बारीक दुरुस्ती. तरी कॅरन शेट्टीचा बदल मला याहून मोठा वाटतो, आणि त्याचं कारण आडनावात नाही. केविनला आडनाव खोटं मिळालं असेल, पण जागा अगदी पक्की मिळाली होती: गणित. त्या शाळेत आपल्या माणसाने कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. मुलगा तोंडाळ चालेल, आगाऊ चालेल, पण गणित यायलाच हवं.

आणि ही जागा आपल्यावर कोणी लादली असं म्हणावं, तर तसंही नाही. आपण तिच्यावर रुमाल टाकून बसलो. १९८५ साली बालू नटराजन हा पहिला भारतीय वंशाचा मुलगा राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकला, आणि २०१९ साली परीक्षकांकडचे शब्द संपत आले तरी मुलं हटेनात, म्हणून आठ जणांना विजेते ठरवावं लागलं. आठातली सात आपल्याकडची. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअॅप गटावर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं, आणि मीही त्यात अंगठे उंचावत होते. हुशार असणं हा आपला इथला व्हिसाच आहे, एच-वन संपून ग्रीन कार्ड आलं तरी तो रिन्यू करत राहावा लागतो अशी आपली समजूत. मग त्या घरातली मुलगी वाघ कशी होणार?

अमेरिकन हायस्कुलाच्या पडद्यावर सावळी, सुंदर आणि ठार बावळट मुलगी, तिच्या बावळटपणाचा तिच्या देशाशी, रंगाशी, उच्चारांशी काडीचा संबंध नाही, ती फक्त स्वतःच्या हिमतीवर बावळट आहे, असं मी आजवर बघितलं नव्हतं. मला अंधारात भरूनच आलं जवळजवळ. विनोदी सिनेमाला भरून येणारी बाई म्हणजे मी.

शंका घेणाऱ्यांची शंकाही रास्त आहे. आपल्या पोरीला मिळून मिळून मिळालं काय, तर तिसऱ्या नंबरचं, अंगप्रदर्शनाचं, बिनडोक काम? शिवाय सिनेमात कॅरनला घर नाही. आईबाप दिसत नाहीत. शेट्टींच्या घरची मुलगी असल्या कपड्यांत हॅलोविनला निघाली आणि घरून एकही फोन आला नाही, हे मला जादूच्या भोपळ्यापेक्षा जास्त अशक्य वाटतं. खरी मिसेस शेट्टी असती तर रात्री नऊला तिने टीना फेला फोन केला असता.

पण काम बघा ना. बावळट माणूस करायला अक्कल लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लक्ष्मीकांत बेर्डे बावळट दिसायचा तेव्हा त्याच्या प्रत्येक बावरण्याला ठोका असायचा, मध्ये एक मात्रा इकडची तिकडे नाही. बायकांच्या वाट्याला मात्र हे काम आपल्याकडेही उशिरा आलं. निर्मिती सावंतची गंगूबाई आली, अलीकडे नम्रता संभेरावची लॉली आली, आणि दोघींनी दाखवलं की वेड पांघरायचं तर ते अंगावर नीट बसवून पांघरावं लागतं.

जुन्या सिनेमात अमांडा सायफ्रेडची एक जागा आहे. फोनवर 'मी आजारी आहे, येत नाही' अशी थाप मारायची आहे, आणि मध्येच ती खोटा खोकला काढते. खोकला इतका कोरा, की थाप मारणाऱ्यालाच थापेत रस उरलेला नाही. दोन सेकंदांचं काम, पण वीस वर्षं लोक ते करून दाखवतायत. रिमेकमध्ये येणाऱ्या मुलीपुढे हे असं ताट वाढलेलं असतं. तेच खाल्लं तर नक्कल, बाजूला सारलं तर जुने चाहते उपाशी.

अवंतिकाने दुसरंच केलं. सायफ्रेडची कॅरन धुक्यात आहे, अर्धी झोपेत. अवंतिकाची कॅरन टक्क जागी आहे. समोरचा बोलत असतो तेव्हा ती मनापासून, अगदी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ऐकते. डोळे मोठे. विचार कुठून तरी निघालाय, वाटेत आहे, आता पोचेल, आता पोचेल, असं आपल्याला वाटत राहतं, आणि तो पोचत नाही. चेहऱ्यावर त्याचं दुःख नाही. हॅलोविनचं गाणं तर पूर्ण तिचं आहे. नाटकात ते रंगमंचावरून म्हणायचं, इथे ती फोनच्या कॅमेऱ्यात बघून म्हणते, इंटरनेटवर मेकअप शिकवणाऱ्या मुली बोलतात तसं. पोशाख बदलत जातात, नाच चोख (लहानपणापासून नाच शिकलेली आहे, ते पायांत दिसतं), आणि एवढ्या काटेकोर हालचालींच्या वर तो काहीही न समजलेला प्रसन्न चेहरा. पाय हुशार, तोंड बावळट. माझ्या शेजारच्या रांगेत एक आजोबा होते, बहुधा नातीने धरून आणलेले. ते या गाण्याला पहिल्यांदा हसले.

घरी आल्यावर मी जुन्या केविन ग्नापूरचं पुढे काय झालं ते शोधत बसले. राजीव सुरेंद्र, टोरंटोचा तमिळ मुलगा. त्या सिनेमाच्या सेटवर एका कॅमेरामनने त्याला 'लाइफ ऑफ पाय' ही कादंबरी वाचायला सांगितली, आणि सिनेमा निघणार म्हटल्यावर त्यातला पाय नावाचा नायक आपणच करायचा असं याने मनावर घेतलं. पाँडिचेरीला जाऊन आला, पोहायला शिकला, वर्षानुवर्षं तयारी केली. भूमिका गेली दिल्लीच्या सूरज शर्माला, जो भावाला सोबत म्हणून ऑडिशनला गेला होता. (त्या गोष्टीतही वाघच आहे, बघा.) राजीवने त्या अपयशावर पुस्तक लिहिलं. कास्टिंगच्या सगळ्या हकिकतींत मला ही सर्वांत खरी वाटते. तयारीचा आणि निवडीचा संबंध असतोच असं नाही, हे नाटक बसवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि रोल मागणाऱ्या एकाही मुलाला सांगवत नाही.

रिमेकमध्ये आडनाव बदलणं काही वेळा फार महागात पडतं, हे मात्र आपल्याला माहीत आहे. 'सैराट' म्हणजे पाटील आणि काळे ही दोन आडनावं. रिंकू राजगुरू अकलूजची, शाळकरी, कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभी राहिलेली. कन्नडवाल्यांनी २०१७ साली रिमेक केला तेव्हा सरळ तिलाच उचलून नेलं. हिंदीवाल्यांनी २०१८ साली गोष्ट उदयपूरला नेली, आडनावं बदलली, आणि ज्या भिंतीवर ती दोघं डोकं आपटत होती ती भिंतच बरीचशी पुसट झाली. स्मिथची शेट्टी होताना तसं काही गेलं नाही, कारण स्मिथ या आडनावात मुळात काही नव्हतंच.

शेट्टी होऊन मात्र बरंच काही मागे लागलं. २०२४च्या वसंतात कुठूनतरी अफवा उठली की डिस्नेच्या रपुन्झेलच्या सिनेमात अवंतिका येणार. डिस्नेने असं काही जाहीर केलेलं नव्हतं. तरी तिच्या इन्स्टाग्रामवर रंगावरून, केसांवरून, देशावरून गलिच्छ शिव्यांचा पाऊस पडला. एकोणीस वर्षांची मुलगी, न मिळालेल्या भूमिकेबद्दल शिव्या खात होती. कॅरनच्या वेळी एवढा गदारोळ माझ्या कानावर आला नव्हता. लेकीला विचारलं, असं का गं? ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "रपुन्झेल प्रिन्सेस आहे ना." म्हणजे बावळट व्हायला परवानगी मिळाली, राजकन्या व्हायला अजून नाही. ते वाचताना फोनवरची ती आई मला पुन्हा आठवली. 'सगळ्यांसमोर' हा शब्द तिने कसा उच्चारला होता, तेही. तिला मूर्खपणाची नव्हे, सगळ्यांची भीती वाटत होती. मी तेव्हा 'मार्केट' वगैरे म्हणून मनात तिची जरा टिंगल केली होती. ती मागे घेते.

वाघाचं काम मात्र त्या मुलीलाच द्यायला हवं होतं. हेही कायम.

यंदा संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर बर्फ, आत काळ्या साड्या आणि मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम केलेले बटाटेवडे. मुलगी आता बरीच उंच झाली आहे, आईच्या खांद्याच्या वर. तीळगुळाचं ताट घेऊन ती फिरत होती आणि तिची आई मला तिचे मार्क सांगत होती. गणित, विज्ञान, पुढच्या वर्षीचे क्लास. मी हूं हूं करत एक लाडू उचलला, तिच्या हातावर दुसरा ठेवला आणि म्हटलं, "तीळगूळ घे, गोड बोल."

तिने लाडवाकडे बघितलं. मान थोडी कलती केली. मग, बराच वेळ गेल्यावर, हळूच छताकडे बघितलं.

"आणि फिजिक्समध्ये तर," तिची आई सांगत होती, "हिच्या वर्गात कोणीच..." मला लाडवाचा ठसका लागला. कोणीतरी पाणी आणायला धावलं. मुलगी ताट घेऊन पुढच्या काकूंकडे गेली होती, शहाण्यासारखी.